जावयासमोरचा घास

बाना प्रिस्काला भूक लागत नाही असं कुणी बाजारात सांगितलं असतं, तर लोक हसले असते. सगळ्या खाणवस्तीला खाऊ घालून वर स्वतः पोटभर खाणारी ही बाई. रोज सकाळी कढईतून निघालेल्या गोड भज्यांचा पहिला घाणा गिऱ्हाइकाला मिळत नसे. तो ती स्वतः खायची, उभ्या उभ्या, आणि तेलकट बोटं कमरेला गुंडाळलेल्या छापील कापडाला, चिटेंगेला पुसून म्हणायची, "आता घ्या. विष नाही याची खात्री केलीय." गिऱ्हाइकं रोज तेच ऐकून रोज हसायची.

एक्सिल्डा हे तिचं नाव चर्चमधल्या पाद्र्याला आणि दवाखान्याच्या फाइलला तेवढं ठाऊक. बाकी सगळ्यांना ती प्रिस्काची आई, म्हणजे बाना प्रिस्का. कसामाकडच्या खेड्यातून लग्न होऊन ती तांब्याच्या खाणींच्या पट्ट्यात, कॉपरबेल्टला आली तेव्हा तिला वाटलं होतं, दोन-चार वर्षं राहू, पैसे साठवू आणि परत जाऊ. नवरा, बा डामियानो, खाणीत खाली ड्रिल चालवायचा. धुळीने त्याची छाती खाल्ली, आणि परत जाण्याची गोष्ट त्याच्याबरोबर पुरली गेली. मुलं तीन झाली, त्यातली दोन तिच्या आधी गेली. उरली प्रिस्का.

भज्यांखेरीज बाईचं आणखी एक मोठं काम होतं. लग्नाआधी मुलीला काही दिवस घरात बसवून संसार शिकवणाऱ्या जाणत्या बायका असतात, त्यांतली ती. कुणाशी कसं बोलावं, कुणासमोर काय करू नये, नवऱ्याच्या माणसांचा मान कसा ठेवावा, हे तिने किती मुलींना शिकवलं त्याचा हिशोब नाही. शिकवायची पद्धत साधी होती. चुकलीस की मांडीला चिमटा. वस्तीतल्या अर्ध्या बायका आजही तिला पाहिलं की मांडी सावरून बसतात, असं म्हणतात. आणि ते खोटं नाही.

अशी ही बाई एका सकाळी भज्यांच्या पिठाचं पातेलं डोक्यावर घेऊन बाजारातलं गटार ओलांडताना पडली आणि मांडीचं हाड मोडलं.

दवाखान्यात तिच्या पायाला वजन लावलं. नडगीतून आरपार सळई, तिला दोरी, दोरी कप्पीवरून पलंगाच्या पायथ्याशी खाली, आणि तिथे लटकलेली वाळूची पिशवी. पलंगाचा पायथा विटांवर चढवलेला. हाड सांधेपर्यंत असंच पडून राहायचं. उठायचं नाही, बसायचं नाही, वळायचं नाही. दुखतं ते सोसता येतं, बाईने जन्मभर सोसलंच होतं. पण कुशीवर वळून भिंतीकडे तोंड करून रडायचीही सोय नसावी, हे तिला फार लागलं. रडायचं तर वॉर्डभर सगळ्यांच्या देखत, तोंड वर करून. म्हणून ती रडलीच नाही.

आणि त्याहून वाईट होतं ते भांडं. कंबर उचलून धरून अंगाखाली ते थंड पत्र्याचं भांडं सरकवायचं, तेही तिने ज्या वयाच्या मुलींना चिमटे काढले त्या वयाच्या पोरींनी. पहिल्याच आठवड्यात तिने ठरवलं की जितकं कमी पोटात जाईल तितकं कमी मागावं लागेल. ठरवलं म्हणजे काय, आपोआपच झालं ते.

डबा आणायचा जावई. प्रिस्का लांब सोल्वेझीला, नव्या खाणीच्या कॅम्पात स्वैपाकाचं काम करायची. करार संपेपर्यंत तिला सुटता येत नव्हतं. गावात माणूस म्हणावा असा एकच, तिचा नवरा एव्हारिस्तो. रेल्वे फाटकाजवळच्या शेडमध्ये वेल्डिंग करायचा. दुपारच्या सुट्टीत घरी जाऊन न्शिमा ढवळायचा, मक्याच्या पिठाचा तो घट्ट पांढरा गोळा एका भांड्यात, दुसऱ्यात शेंगदाण्याच्या कुटातली भाजी नाहीतर कापेंटा, म्हणजे वाळवलेली बारीक मासळी. फडक्यात बांधून भेटीच्या वेळेला हजर. एक दिवस चुकला नाही.

आता त्यांच्या बेम्बा लोकांत जावई म्हणजे साधी गोष्ट नव्हे. तो सासूच्या तोंडाकडे बघत नाही, सासू त्याच्या वाटेत येत नाही, आणि एकमेकांसमोर जेवणं तर विचारूच नका. हे बंधन कायमचं नसतं. जावई पारखला, संसार नीट लागला की सासरची माणसं एक दिवस त्याला वाजतगाजत घरात घेतात, पंगतीला बसवतात, आणि तिथून पुढे तो घरचा. एव्हारिस्तोला लग्नाला अकरा वर्षं होऊनही कुणी आत घेतलं नव्हतं. दर वर्षी बाना प्रिस्का म्हणायची, "येत्या उन्हाळ्यात बघू." का, ते ती बोलत नसे आणि कुणी विचारत नसे. प्रिस्काला मूल झालं नव्हतं, एवढंच सगळ्यांना माहीत होतं.

तर हा जावई यायचा, दारातूनच मान खाली घालून शेजारच्या खाटेपर्यंत जायचा आणि तिथल्या बाना काबासोला सांगायचा. बाना काबासो साखरेच्या आजाराने पाय चिघळलेली, जाडजूड, तोंडाने तिखट बाई.

"त्यांना सांगा, आज कापेंटा आहे."

"ऐकलं का गं," बाना काबासो दोन हातांवर असलेल्या बाना प्रिस्काला ओरडून सांगायची, "आज कापेंटा आहे म्हणतात जावईबापू."

"त्यांना सांगा, उगाच त्रास कशाला घेतला."

"उगाच त्रास कशाला घेतलात म्हणते. मी घेते हो त्रास. माझा नवरा मला कधी कापेंटा आणत नाही."

मग एव्हारिस्तो व्हरांड्यात जाऊन पाठमोरा उभा राहायचा आणि भांडी परत न्यायला थांबायचा. बाना प्रिस्का चिटेंगे तोंडावर ओढून घ्यायची.

"खा आता. गेला तो बाहेर."

"व्हरांड्यातच आहे."

"मध्ये भिंत आहे की."

"भिंतीला खिडकी आहे."

"धन्य आहेस," असं म्हणून बाना काबासो वाडगा स्वतःकडे ओढायची. अन्न टाकणं पाप, आणि डॉक्टरने तिला कमी खा सांगितलं होतं ते डॉक्टरच्या तोंडातच राहिलं. दोघींचं न बोलता ठरून गेलं. भांडी रिकामी परत जायची. एव्हारिस्तो ती फडक्यात बांधून शेडवर पळायचा.

सुरुवातीला हे खरंच मानापायी होतं, हे बाना प्रिस्काच्या बाजूने सांगायला हवं. जावयाच्या हातचं, जावई भिंतीपलीकडे असताना, घशाखाली उतरेना. मग त्यात भांड्याची लाज मिसळली. आणि मग एक दिवस शेंगदाण्याच्या भाजीचा वास नाकाशी आला आणि तिच्या ध्यानात आलं की आत काहीच हललं नाही. पोट गप्प. जिभेला पाणी नाही. जन्मभर जी भूक तिच्याबरोबर उठली, तिच्याबरोबर बाजारात गेली, ती गेली होती. बाई घाबरली. दोन-तीन दिवस घाबरून राहिली, आणि मग घाबरणंही संपलं. हे जास्त वाईट, पण ते तिला कळण्याच्या पलीकडे गेलं होतं.

दिवस लांबत गेले. डोळा उघडला की छताचा पत्रा, पत्र्यावरचा गंजाचा डाग, आणि छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वजन. प्रिस्काचा फोन आला की सिस्टर कानाशी धरायची. "जेवतेस ना आई?" "जेवते." "एव्हारिस्तो म्हणतो भांडी रिकामी येतात." "मग झालं तर." बोलण्यासारखं तिच्याकडे काही नसे. गेलेली दोन मुलं, बा डामियानोचा खोकला, बाजारातली तिची जागा जी आता दुसऱ्या कुणी घेतली असेल, सगळं डोक्यात येऊन नुसतं उभं राहायचं. बाहेर पडले तरी कुठे जाणार, असं तिला वाटे. आत राहिले तरी काय, असंही वाटे. सकाळी दवाखान्याची पातळ पेज यायची, संध्याकाळी कोबी आणि न्शिमा. चमचा दोनदा ओठाला लावून ती म्हणायची, "पोट भरलं. जावयाने आणलं होतं."

मोठ्या सिस्टरचं नाव म्वांगो. वॉर्ड तिच्या हाताखाली. बायकांच्या त्या लांब वॉर्डात दिवसभर तिला बसायला वेळ नाही. एक दिवस बाना प्रिस्काची पाठ पुसताना तिने पाहिलं की माकडहाडाशी कातडी काळी पडून फाटू लागलीय. मग तिने दंडाला बोटांचा वेढा घातला, आणि अंगठा तर्जनीला सहज भेटला.

डॉक्टर तरुण होता, लुसाकाहून आलेला. तो पलंगापासून लांब जाऊन सिस्टरशी बोलला, पण बाना काबासोचे कान त्याहून लांब होते. हाड सांधत नाहीये. रक्त कमी आहे. ही जखम वाढली तर... गोळ्या देतो, पण पोटात अन्न गेलं नाही तर ही बाई इथून चालत जाणार नाही.

डॉक्टर गेल्यावर बाना काबासोने सिस्टरला हाक मारली. तिचा नेहमीचा आवाज नव्हता.

"सिस्टर, तिचा डबा मी खाते."

"काय?"

"रोज. पहिल्यापासून. ती खात नाही म्हणून मी खाते. मला वाटलं, दवाखान्याचं खात असेल."

सिस्टर म्वांगोने तिला काय काय सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाना काबासोने त्या संध्याकाळी आपली न्शिमा तशीच ठेवली.

"पण का नाही खात त्या?" सिस्टरने शेवटी विचारलं.

"जावई आहे ना. त्याला आत घेतलेलं नाही."

सिस्टरला एकदम सगळं कळल्यासारखं झालं. तिला सुटल्यासारखं वाटलं असणार, कारण याला उपाय होता. गोळ्या संपतात, नर्सा कमी पडतात, पण रीत पुरी करायला काय लागतं? ती तडक खाटेशी आली.

"बाना प्रिस्का, रविवारी जावयाला आत घेऊ. इथेच."

"इथे?" बाना प्रिस्का इतक्या दिवसांत पहिल्यांदा जोरात बोलली. "घर नाही, चूल नाही. मी अशी टांगलेली. असं कुठे होतं का?"

"होईल."

"तुला कुणी शिकवलं हे?"

"तुम्हीच. माझ्या लग्नात मला बसवलं त्या बायकांत तुम्ही होतात. अजून मांडीवर खूण आहे, दाखवू?"

बाना प्रिस्काला सांगता आलं असतं की हे रीतीचं नाहीच आता, रीत ही नुसती पांघरलेली चादर आहे. पण चादर काढली की खाली काय आहे ते दाखवावं लागलं असतं. तिने डोळे मिटले, आणि सिस्टरने तो होकार समजला.

सिस्टरने प्रिस्काला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "अकरा वर्षं मी तिच्या पाया पडत होते, सिस्टर. करा. मी नसले तरी करा."

रविवारी भेटीच्या वेळेला सिस्टर म्वांगो गणवेश काढून नवीन चिटेंगे नेसून आली. चर्चमधल्या दोन जाणत्या बायका बरोबर. वॉर्ड म्हणून आवाज दाबून गायल्या, पण गायल्या. एव्हारिस्तो दाराशी, धुतलेल्या शर्टात, हातात फडक्यात बांधलेला डबा, मान खाली. रीत अशी की जावई सहजासहजी आत येत नाही. पावला-पावलाला अडून बसतो, आणि काहीतरी पुढ्यात ठेवल्याशिवाय हलत नाही. तो पहिल्या खाटेशी अडला. त्या खाटेवरच्या म्हातारीने उशीखालून संत्रं काढून त्याच्या पायाशी ठेवलं. तो पुढे सरकला. दुसरीने साबणाची वडी दिली. तिसरीने पाव अर्धा तोडला. खाटेखाटेवरून टाळ्या वाजू लागल्या. हातात सलाईन लागलेली एक पोर एकाच हाताने मांडीवर ठेका धरत होती. बाना काबासोशी तो अडला तेव्हा ती म्हणाली, "मी काय ठेवू? तुमचंच सगळं खाऊन बसलेय." वॉर्ड हसला. एव्हारिस्तोही हसला, मान वर न करता. तिने तिची डोक्याची ओढणी सोडून त्याच्या पुढ्यात टाकली.

तो खाटेशी पोचला. सिस्टरने त्याचे हात धुतले.

"आजपासून तू दारातला नाहीस," ती म्हणाली. "ही आजारी पडली तर उचल. तहानली तर पाणी दे. हिच्यासमोर बस, हिच्यासमोर जेव. ही तुझी आई." आणि तिने बाना प्रिस्काच्या तोंडावरचं फडकं बाजूला केलं.

आता बघणं भाग होतं. अकरा वर्षांत तिने या माणसाचे बूट पाहिले होते, पाठ पाहिली होती, मानेवरचा भाजल्याचा डाग पाहिला होता. तोंड आज पाहिलं. नाक थोडं वाकडं. कानाशी केस पांढरे. गाल आत गेलेले, गळ्याशी शर्ट ढिला. हा माणूस इतका वाळला कधी, असं तिला वाटलं, आणि लगेच कळलं की वाळण्याआधीचा तिला ठाऊकच नाही.

बायका गात गात गेल्या. सिस्टरने भोवती पडदा ओढला. "आता जेवा निवांत," असं म्हणून, आपलं काम झालं अशा समाधानाने, तीही गेली.

एव्हारिस्तोने फडकं सोडलं. न्शिमाची वाफ वर आली. बाना प्रिस्काने वास घेतला. पोट गप्पच.

"आई, जेवा," तो म्हणाला. पहिल्यांदाच थेट तिला.

मध्ये कुणी नाही, कुणामार्फत सांगायचं नाही, म्हणूनच कदाचित, तिच्या तोंडून निघून गेलं.

"रीतीचं काही नव्हतं रे. मला भूकच नाही. कशाचीच. सकाळी डोळा उघडला की वाटतं, कशाला उघडला."

हे तिने प्रिस्काला सांगितलं नव्हतं, सिस्टरला नाही, देवालाही नाही. सांगितलं ते ज्याला अकरा वर्षं दारात ठेवलं त्याला.

एव्हारिस्तोने समजूत घातली नाही. "मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"भांडी घ्यायला वळलो की खिडकीतून दिसायचं. तुमचा डबा शेजारी जायचा."

"मग आणत का होतास?"

"दुसरं काय करणार होतो? तुमच्याशी बोलायची सोय नव्हती." तो थोडा थांबला. "घरीही कुणी नाही. डबा करायचा म्हणून चूल पेटायची."

"तू जेवतोस का घरी?"

त्याच्या वाळलेल्या खांद्यांकडे पाहून तिला उत्तर कळलं.

"तूच जेव हे," ती म्हणाली. "मी बघते. आता बघायला हरकत नाही."

तो पाण्याने हात धुऊन खाली तिच्या खाटेशी बसला. वाडगा दोघांच्या मध्ये, खाटेच्या कडेवर. ओले हात मांडीवर ठेवून तसाच बसून राहिला.

"जेव ना."

"तुम्ही आधी."

"मी नाही म्हटलं ना."

"मग मीही नाही. आज घरात आलो. घरातलं पोर आईच्या आधी वाडग्यात हात घालत नाही."

बाना प्रिस्का त्याच्याकडे बघत राहिली. हे तर कुणीही, अगदी रांगतं मूलसुद्धा जाणतं. पाहुण्याला आधी वाढतात. घरचं माणूस मोठ्याची वाट बघतं. आणि या बायकांनी आताच या माणसाला घरचा केलं होतं, टाळ्या वाजवून, संत्रं ठेवून.

"मोडलीस ही रीत तरी चालेल," ती म्हणाली. "मी सांगते. मोड."

"तुम्ही सांगता?" तो म्हणाला. "तुम्ही?"

तो हट्टी होता, हे आज कळत होतं. सकाळपासून त्याने काही खाल्लेलं नव्हतं, चर्चमधून घरी जाऊन डबा तेवढा केला आणि तसाच आला होता. पोटातून त्याच्या आवाज आला आणि त्याने ओशाळून मान फिरवली, पण हात मांडीवरून हलवला नाही. वाफ कमी झाली. न्शिमावर पातळ साय धरली. थंड न्शिमा पोटात जाऊन दगड होतो, आणि हा माणूस संध्याकाळपर्यंत असाच बसेल, उद्या शेडमध्ये असाच उभा राहील, याबद्दल तिला शंका उरली नाही.

पायाला सळई. पाठीला जखम. बाजूला पडदा. पळून जायला तिच्याकडे एकच वाट होती, न खाण्याची, आणि ती वाट या माणसाने अंग घालून अडवली होती.

तिने हात लांबवला. गोळ्याचा लहानसा तुकडा तोडला, बोटांनी दाबला, भाजीत बुडवला, तोंडात टाकला. चव नव्हती. ओलं कापड चावल्यासारखं तिने ते चावलं आणि कसंबसं गिळलं. एव्हारिस्तो तिच्या गळ्याकडे बघत होता. घास उतरला तेव्हाच त्याचा हात वाडग्यात गेला. भुकेल्या माणसासारखा त्याने मोठा घास घेतला, मग थांबला, आणि हात मांडीवर परत ठेवला.

"आता काय?"

"तुमचा दुसरा."

"आणि उद्या?"

"उद्याही मी इथेच जेवणार."

"परवा?"

"परवाही."

पलीकडून बाना काबासोने पडद्याला कान लावलाय हे दोघांनाही कळत होतं. बाना प्रिस्काने छताकडे पाहिलं, मग त्या वाळलेल्या तोंडाकडे पाहिलं. भूक अजूनही नव्हती. तिने दुसरा घास घेतला.